पाचही भोकं

हर्णैची फीत चारच्या एस.टी.ने यायची
ड्रायव्हर म्हाप्रळकरांच्या हाती, बिस्किटांच्या डब्यात,
पिवळी, गुंडाळलेली,
सुक्या बोंबलाचा वास घेऊन.

मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यामागे
मासेमारी खात्याच्या दोन खोल्या.
एकीत कपाटं. दुसरीत मी आणि ते यंत्र.
एका अंगाने फीत आत घ्यायचं,
दुसऱ्या अंगाने कार्डं टाकायचं, खट्‌ खट्‌ खट्‌.
फितीवर सगळा किनारा सलग:
होडी, टोपल्या, बांगडा, तारली, परत होडी.
यंत्र तिचे तुकडे करायचं.
एका होडीला एक कार्ड, ऐंशी रकाने,
भरतील तेवढे भरायचे, बाकी कोरे.

कार्डं दमट हवेने फुगायची, अडकायची.
वेंगुर्ल्याचा पास्कू लोबो पेचकस घेऊन पालथा पडे:
"बाई, ह्या मशीनीक खारो वारो सोसना नाय."
मग कार्डांच्या पेटीत साठचा बल्ब,
आणि चार पुरचुंड्या तांदळाच्या.
कागदाच्या टिकल्या केसांत, डब्यातल्या आमटीत,
घरी गेल्यावर झटकलेल्या पदरात.

फितीवर खोडता येत नाही.
चुकलं तर एक घर मागे जायचं
आणि त्या अक्षरावर पाचही भोकं पाडायची.
यंत्र बघतं, आणि ओलांडून जातं,
वाटेत कुणी झोपलं असावं तसं.

हर्णैचा दाऊद बुरोंडकर चुकायचा नाही.
सहा महिन्यांत दोन वेळा, तेही एकेक अक्षर.
धाकट्या भावाची होडी सर्वांत शेवटी धक्क्याला लागे.
ती दिसायच्या आधीच तो तिचं नाव टोचून ठेवी,
टोपल्यांचे आकडे मागाहून.
म्हणून माझं शेवटचं कार्ड रोज त्याच होडीचं.
मी ते हातात घेऊनच यंत्र बंद करायची.

कार्तिकातल्या एका संध्याकाळी
फीत सरकत राहिली आणि कार्ड पडेना.
एकोणीस घरं. मी मोजली.
पाच, पाच, पाच, पाच.
पुढे कोरी शेपटी.

म्हाप्रळकर डबा परत न्यायला थांबले होते.
म्हणाले, धाकटा चार दिवस झाले, आला नाही.
मग म्हणाले, डबा द्या, गाडी सुटेल.

वरच्या ऑफिसला बेरीज लागायची.
बेचाळीस होड्यांच्या एक्केचाळीस झाल्या,
बेरीज बरोबरच आली.

दुसऱ्या दिवशी परत एकोणीस.
तिसऱ्या दिवशीही.
पास्कूने दट्ट्या उघडला, तेल घातलं, शिव्या घातल्या.
मी त्याला फीत दाखवली.
तो उभ्याने ती बोटांतून सोडत गेला,
शेवटाशी आला, आणि पेचकस खिशात ठेवला.

दाऊद रोज ते नाव आधी टोचत होता,
आणि दिवस बुडाला की रोज
अक्षर अक्षर मागे येऊन
प्रत्येकावर पाचही पाडत होता.
पौष, माघ, शिमगा उलटला.
यंत्राचा तो रिकामा आवाज आला
की मी टाइपरायटरवरचा हात काढायची.
पास्कू बिडी विझवायचा.
आम्ही कधी त्यावर बोललो नाही.

मे महिन्याच्या अखेरीस होड्या वर ओढल्या,
झापांनी शाकारल्या. फिती थांबल्या.
नव्या हंगामाला हर्णैहून दुसऱ्याच कुणाचा हात आला,
ओळीगणिक चुका.

यंत्र पुढे भंगारात गेलं. त्याची मोटर पास्कूने नेली,
पोफळींना पाणी लावायला. चालते म्हणे अजून.
माझ्याकडे एक वीतभर तुकडा आहे,
रेशन कार्डाच्या प्लास्टिकमध्ये.
परवा भाचीच्या मुलीने तो उन्हात धरला.
शेणाने सारवलेल्या पडवीवर
पाच ओळी पडल्या उजेडाच्या,
मध्ये एक बारीक ओळ, दात्यांची.
तिने विचारलं, काय लिहिलंय?

मला ते नाव येतं.
क्रमांकासकट येतं.
सांगितलं नाही.
त्याने इतक्या वेळा पुसलं होतं.