येण्याचे कारण

लुना पोर्चमध्ये उभी केली तेव्हा
फेटेवाला दरवान आधी लुनाकडे,
मग माझ्याकडे,
मग पुन्हा लुनाकडे बघत राहिला.
सदरमध्ये, मे महिन्यात, दुपारी साडेतीनला
झाडंसुद्धा कुणाशी बोलत नाहीत.

आत वाळ्याचा वास.
काळ्या-पांढऱ्या फरश्या;
मी उगाच काळ्यांवरूनच चालत गेले काउंटरपर्यंत.

कुठून आलात : महाल.
मॅनेजरने चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे इथल्याच?"
इथलीच. साडेचार किलोमीटर.
येण्याचे कारण :
एकतीस वर्षं शाळेत जाताना
या फाटकासमोर माझा सिग्नल लाल व्हायचा,
एवढं त्या रकान्यात मावेना.
"खाजगी" लिहिलं.

लिफ्टची जाळी ओढायला वेगळा माणूस.
"कोणता मजला?"
मजले दोनच,
पण विचारण्याचा मान त्याने सोडला नव्हता.

पलंगावर चढावं लागतं.
भिंतीवर काळी बटणं, खट्ट वाजणारी,
त्यांतली तीन कशाचीच नाहीत.
कपाटात सतरा हँगर. माझी साडी एक.

आणि न्हाणीघरात टब,
सिंहाच्या पंजांवर उभा.
घरी नळ दिवसाआड येतो, पाऊण तास.
तोटीवर हात ठेवला, पण हात ऐकेना.
मग तशीच, नेसत्या साडीनिशी,
कोरड्या टबात जाऊन बसले.
पाठीला गार चिनीमाती.
हसू आलं,
तर ते घुमलं, माझंच,
पण एखाद्या मोठ्या घरच्या बाईचं असल्यासारखं.

रात्री जेवायला मी, आणि बावीस टेबलं.
वाढायला नंदेश्वर : पांढरे हातमोजे,
एका बोटावर बारीक शिवण.
त्याने कस्टर्ड ठेवलं;
त्याचा हात थांबला तरी ते थरथरत राहिलं.
मग वाकून, बशीलाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात,
"बाई, सकाळचा टोस्ट काही खरा नाही.
कोपऱ्यावरून पोहे बोलावून देतो. तर्री मारून."

पोहे आले
चांदीच्या झाकणाखाली.
त्याने झाकण उचललं ते मात्र
अगदी ठरलेल्या रीतीने, डाव्या बाजूने.

कुठे जाणार : महाल.
हा रकाना सोपा होता.

पोर्चमध्ये लुना नव्हती.
पोटात धस्स झालं.
होती, पलीकडे, कडुनिंबाखाली,
आणि सीटवर कुणीतरी टाकलेलं ओलं पोतं.
दरवान रस्त्याकडे बघत उभा,
फेट्याचा तुरा ताठ,
बाह्या मनगटापर्यंत भिजलेल्या.