चर बुजवणे

खालची डावी सहा नंबरची दाढ.
डॉक्टर परकारांनी ती तीन तुकडे करून काढली,
आजूबाजूच्या भिंतींना धक्का न लावता.
मी छताकडे बघत होतो.
पीओपीला तडा होता, खिडकीपासून दिव्यापर्यंत.

"हा खड्डा असाच ठेवला," त्या म्हणाल्या,
"तर वर्षभरात हाडाची रुंदी निम्मी होईल.
दाताभोवतीच्या हाडाचं असंच असतं.
धरायला कुणी उरलं नाही
की ते आवराआवर सुरू करतं."

भरायला काय चालेल, तेही विचारलं.
गुरांचं हाड, भाजून, धुऊन, निर्जंतुक केलेलं,
नाहीतर कारखान्यातलं.
"उपास, धर्म, काही असेल तर आत्ताच सांगा."
बधिर ओठाने मी म्हटलं, मालवणी.
त्या हसल्या. त्यांचं गाव दाभोळ.

मी एकतीस वर्षं महापालिकेत. एफ दक्षिण, रस्ते.
टेलिफोनवाले खणायचे, गॅसवाले खणायचे,
आमचेच पाणीवाले खणायचे,
आणि सगळ्यांच्या मागून आम्ही.
कागदावर कामाचं नाव: चर बुजवणे.
म्हणून चमच्यातून ते पांढरे दाणे उतरू लागले
तेव्हा मी थर मोजत होतो.
त्या हलकेच दाबत होत्या.
ठासायचं नाही, म्हणाल्या,
ठासलं तर रक्त शिरणार कुठून?
आमच्याकडे उलट. आमच्याकडे धुमस.
मग वर नखाएवढा पडदा, दोन टाके,
आणि दाबून धरायला कापूस.

आईचे दात एकाच रविवारी निघाले,
नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या शिबिरात,
वरचे खालचे मिळून एकोणीस. फुकट.
खड्डे तसेच राहिले. कुणाला माहीत होतं?
कवळी आली, दीड वर्ष नीट बसली,
मग डुगडुगू लागली, मग खाली बसेचना.
कवळी होती तेवढीच होती.
आई कमी होत गेली.
शेवटी ती वाटीतल्या पाण्यात, फळीवर,
आणि आई भात कुस्करून.
मला हाक मारताना
दौलतमधला द तिच्या हिरडीवरून घसरायचा.
औलत, ए औलत.
मित्र असले की मी ओ द्यायचो नाही.

चार महिन्यांनी फोटो काढला.
करडं, दाणेदार. जुनं कुठलं, नवं कुठलं, मला दिसेना.
डॉक्टरांनी पेनाचं टोक ठेवलं:
हे तुमचं. हे अजून गुराचं, होईल तुमचं.
मिलिमीटरभर गेलंय, तेवढं जातंच.
आता स्क्रू बसेल.

पण मला सांगायचंय ते पहिल्या दिवसाचं.

भोईवाड्यात, त्यांच्या दवाखान्याच्या पायरीखालीच
रस्ता खचलेला आहे.
हातभर रुंद, चौदा मीटर वीस लांब.
डोळ्यांनी मोजलेलं नाही हे.
मोजमापाच्या वहीत ते माझ्या अक्षरात आहे.
मुरूम, खडी, कच, प्रत्येक थराला पाणी आणि धुमस.
असे तीन थर.
पडला एक. तोही पाडलेल्या भिंतींचा राडारोडा.
बिलावर सही माझी.
पाकीट फार जाड नव्हतं, एवढंच आता आठवतं.
तेव्हापासून दरवर्षी त्यावर डांबर ओततात
आणि दरवर्षी रस्ता तेवढाच आत जातो,
आईचे गाल जायचे तसा.

मी तिथे उभा राहिलो.
जीभ सारखी टाक्यांकडे जात होती,
लावू नका सांगितलं होतं तरी,
साइटवर साहेब यावा तशी.
चपलेचा अंगठा बुडेल इतकं खोल होतं.
ऊसाच्या रसवाल्याचा पोरगा
हातातला गिलास विसळत म्हणाला,
काय हरवलं काय, काका?

अर्धा तास तोंड उघडायचं नव्हतं.
मी मान हलवली.
हो की नाही, ते त्याला कळलं नसावं.