ठोका

उजवा हात उशाला घेऊन आडवा झालो,
जळगावात, एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर.
सकाळपासून उपाशी.
शर्ट वर, बरगडीवर गार जेली.
हर्षाली नावाची पोरगी, माझ्या नातीहून थोडीच मोठी,
दोन बरगड्यांच्या फटीत यंत्राचं बोट टेकवते.
हलू नका, आजोबा.

ठक.

सुई नाही, काप नाही.
बोरावर टिचकी मारावी, एवढंच.

मला हसू आलं. तिला काय सांगू,
धरणगाव ते पाळधी, एकतीस वर्षं
मी हेच केलं. खांद्यावर हातोडा,
रुळाच्या चाव्या ठोकत चालायचं.
खणखणली तर पुढे.
बद्द वाजली तर वाकायचं.

ठक.

इथे उलटं आहे, ती म्हणते.
मऊ यकृतात लाट रमतगमत जाते,
कठीण झालं की धावते.
आणि चरबी असेल तर आवाजच बुडतो मध्ये,
ओल्या कापसात बुडावा तसा.

असे दहा ठोके.
मी कान लावून होतो, सवयीनं,
पण ऐकायचं काम आता पडद्याचं.

यकृत म्हणजे काळीजच की,
निदान खाटकाच्या पाटावर तरी.
बाप गेला, मी सतरा वर्षांचा,
सगळा गाव म्हणाला, काळीज घट्ट कर.
नंबर चारच्या फाटकाजवळ भिका गँगमन कटला,
त्याला पोत्यात भरताना
मुकादमही तेच म्हणाला.
केलं.

नऊ पूर्णांक चार, डॉक्टर म्हणाले.
दारू?
थेंब नाही, साहेब.
मग?
मग काय. रिटायर झालो, बसलो.
दिवसाला नऊ कप चहा, सोबत शेव,
आणि रोजचं ते बारा किलोमीटर
कुणीतरी माझ्या पायांतून काढून नेलं.
अजून मागे फिरता येतं, म्हणाले.
आठ किलो उतरवा. चाला.

घरी सुपडाबाईनं ताट वाढता वाढता विचारलं,
काय निंघनं?
म्हटलं, काळीज कठीण व्हयी जायेल शे.
तिनं वरही पाहिलं नाही.
चाळीस वरीसफाईन मी हाईच सांगी ऱ्हायनू.

संध्याकाळी पाटाच्या कडेनं निघालो,
हातात काही नाही.
हाताला मात्र राहून राहून
हातोड्याचं वजन आठवत होतं.
सुरतची गाडी गेली लांबून.
थांबून ऐकली शेवटच्या डब्यापर्यंत.
एक चावी सैल आहे तिकडे,
पाळधीच्या अलीकडे.
उद्या कुणाला तरी सांगितलं पाहिजे.