शीतळा सातम, दांडिया बाजार

आज कीर्तीबेनची चूल थंड.
कालचे थेपले, कालचे वडे, दहीभात,
आणि दुपारभर पत्ते.
श्रावणातल्या सातम-आठमला
वडोदऱ्यात जुगाराचं पाप लागत नाही.
आमच्या आईला हे पटायला बावीस वर्षं लागली.

यंदा तीन पत्ती नाही. जिनलनं फर्मान काढलं: पोकर.
चिंचोके वाटले, माणशी चाळीस.
दोन पत्ते ज्याचे त्याच्या हातात,
मधले सगळ्यांचे,
आधी तीन उघडायचे, मग एक, मग शेवटचा.

"मावशी, कोणीच काही लावलं नसेल तर चेक.
बोटानं ठक ठक करायचं.
म्हणजे खेळात आहे, पण टाकत काही नाही."
म्हटलं, हे मला येतं,
बँकेत एकतीस वर्षं तेच केलं.

"पहिल्यानं लावलं की ती बेट.
तितकेच टाकले तर कॉल, वर चढवले तर रेज.
आणि नको वाटलं तर फोल्ड,
पत्ते पालथे, सरकवून द्यायचे."
"आणि तोवर टाकलेले चिंचोके?"
कीर्तीबेन थेपल्याचा तुकडा मोडत म्हणाल्या,
"ए तो गया, बेन."

समोर श्रीरंगदादा.
रावपुऱ्यातलं घड्याळांचं दुकान जूनमध्ये बंद केलं,
किल्ली अजून शर्टाच्या खिशात.
खेळतो मात्र पूर्वीसारखाच,
पत्ते नीट बघायच्या आत रेज.
चार डावांत ढीग निम्मा.

सहाव्या डावात मला दोन राण्या,
बदामची आणि किलवरची.
मधे उघडली चौकटची राणी,
शेजारी सत्ती, दुर्री.
मी ठक ठक.
दादाची बेट, दहा.
जिनल फोल्ड, कीर्तीबेन फोल्ड,
मी कॉल.
चौथा पत्ता, इस्पिकची नव्वी.
पुन्हा ठक ठक.

दादानं उरलेले सगळे पुढे ढकलले.
आणि डाव्या कानाची पाळी ओढली.

सातवीच्या प्रगतिपुस्तकावर
बाबांची सही स्वतःच ठोकली होती,
तेव्हाही हीच पाळी.

तीन राण्यांना हरवील असं
त्या घडीला टेबलावर काही नव्हतं.
मी मोजून पाहिलं, दोनदा.
शिल्लक मोजायची सवय जात नाही.

"काय मावशी? कॉल?"

पालथे केले. सरकवले.

दादानं दोन्ही हातांनी ढीग ओढला,
इतका मोठ्यानं हसला
की माळीवरची कबुतरं उडाली.
"घाबरलीस ना? काय होतं गं तुझ्याकडे?"

"मामा, फोल्डचे पत्ते बघायचे नसतात,"
जिनल पत्ते पिसत म्हणाली.
"नियम आहे."

चांगला आहे नियम.

एक चिंचोका घरंगळत दिवाणाखाली गेला.
दादा मोजत बसला, एक कमी,
परत पहिल्यापासून.
मला दिसत होता, पायाशीच.
माझी पाळी आली.
मी बोटानं ठक ठक केलं.