सात दिवसांची मुदत

कुताइसीत रात्री दीड वाजता
मी तक्त्याचा चौथा रकाना उघडा ठेवून बसलेय.
खाली रियोनीचं पाणी दगडांवर आपटतंय,
टेबलावर चेरीच्या बियांची बशी,
आणि पडद्यावर इथेरियमची मूळ साखळी,
जिथं प्रत्येक व्यवहार चव्हाट्यावर उभा राहून
हजारो साक्षीदारांसमोर शपथ घेतो.
म्हणूनच महाग.
मागच्या मार्चात आईनं बारीहून साठ युरो पाठवले,
शपथेलाच एकोणीस गेले.

संस्थेचं पत्र दोन ओळींचं:
चारशे बायका, इटलीत, ग्रीसमध्ये,
दुसऱ्यांच्या आयांना अंघोळ घालणाऱ्या,
त्यांच्यासाठी दुसरा थर निवडून दे.
स्वस्त हवा, वेगवान हवा, बुडता कामा नये.
तिन्ही शब्द एकाच वाक्यात,
जसं काही ते एकमेकांशी बोलतात.

चॅनल आधी बाद केले.
दोघांनी आपसांत हिशेब ठेवायचा,
कोर्टाची पायरी शेवटीच चढायची, हे छान;
पण त्याआधी पैसे अडकवून ठेवायचे.
पंधरवड्याला पगार संपणाऱ्या बाईनं
अडकवायचं काय?

मग आशावादी रोलअप.
नाव ऐकून माझा भाऊ बाद्री खोकेपर्यंत हसला.
इथं कुणीतरी हजार व्यवहारांचं गाठोडं बांधतो
आणि म्हणतो, हे खरं आहे.
सात दिवस थांबायचं.
कुणी हरकत घेतली नाही, तर खरं.
मौन म्हणजे संमती:
यंत्रात हे पहिल्यांदाच पाहिलं,
घरात आधी पाहिलं होतं.
वडील म्हणाले होते, दोन वर्षांत परत येईल ती,
आणि टेबलाभोवती कुणी हरकत घेतली नाही.
अकरा झाली.
शेऱ्यात लिहिलं:
किमान एक प्रामाणिक माणूस जागा हवा.

दुसऱ्या रोलअपचं काम झाकल्या मुठीचं.
नाणं न् नाणं पुन्हा मोजायला नको,
आत सव्वा लाखच आहेत
हे मूठच सिद्ध करते.
त्यातलं गणित मी तीनदा वाचलं.
तिसऱ्यांदा समजल्यासारखं वाटलं,
चौथ्यांदा वाचायचं धाडस केलं नाही.
पण गाठोडं बांधणारं यंत्र इथंही एकच.
जूनमध्ये ते पाच तास बंद होतं.
कुणाचं बुडालं नाही,
कुणाला मिळालंही नाही.

आणि शाल्वा, जो तक्त्यात नाही.
दर दुसऱ्या रविवारी पांढरी मिनीबस,
पाकिटामागं पाच युरो,
चौकटीची वही, ओल्या बोटानं उलटलेली पानं.
एकदा बर्फात सीमेवर नऊ दिवस अडकला, फोन बंद.
थांब्यावर बायकांच्या मुली उभ्या.
कुणी पुरावा मागितला नाही.
तो आला, सगळ्यांची पाकिटं घेऊन,
आणि कुणाचं तरी ओलं झालेलं चीज.

चौथा रकाना: बाहेर पडायची वाट.
गाठोडं बांधणारा उद्या नाहीसा झाला,
तर बाई आपले पैसे स्वतः काढू शकते का?
दोन्ही रोलअपसाठी लिहिलं, हो,
चव्हाट्याचा दर मोजून.
शाल्वासाठी काय लिहू?
आणि आईसाठी?

फोन वाजतो. तिथं साडेअकरा.
"अजून जागी?"
"तूही."
मग मी म्हणते, आई, मला हरकत घ्यायची होती,
तेव्हाच, टेबलावर.
पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज.
"कशाला?" ती हळूच विचारते,
"लवकर बोल, म्हातारी उठेल."