गो, नो-गो

उद्यमनगरात, मगदूम इंजिनिअरिंगच्या पोटमाळ्याखाली
माझं टेबल आहे. एक सरफेस प्लेट, एक दिवा,
आणि दोन कॅलिपर.
एक हातात, व्हर्निअर.
दुसरा डाव्या पायात. त्याला नुसतंच कॅलिपर म्हणतात.
नवीन पोरं चुकतात.
"वैजयंताताई, कॅलिपर द्या की जरा,"
आणि मग जीभ चावतात.
मी विचारते, कुठला पायजे?

बावीस वर्षं भोकं मोजतेय.
गेजला दोन टोकं असतात,
एक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये.
गो गेला, नो-गो अडला, माल पास.
इतकं सोपं आहे सगळं. लोखंडाचं.

सीपीआरला बोर्डापुढं माझं माप निघालं
शिंप्याच्या कापडी टेपनं, टोकाला उसवलेल्या.
मांडी, पोटरी, मग गुडघा किती अंशात वाकतो ते.
मी म्हटलं, साहेब, टेप ताणलीय,
तीन मिलिमीटर फरक येईल.
ते हसले आणि टक्के लिहिले.
त्या टक्क्यांचं एक कार्ड आलं.
दुसरं कार्ड दवाखान्याचं, पगारातून कापून,
त्याच्यावर माझा खुबा नीट झाला,
आणि पट्ट्यानं घासून अकरा महिने ओली राहिलेली
मांडीची जखम
एकदाची सुकली.

दिवाळीच्या तोंडावर मालकांनी वर बोलावलं.
म्हणजे स्वतःच खाली आले, जिना मला चढवत नाही.
"दोन हजार वाढवतोय. तुझ्या हातनं गेलेला माल
पुण्यासनं परत आला न्हाई कधी."
आनंद झाला. खोटं कशाला सांगू?
बेरीज करेपर्यंत टिकला.

दवाखान्याच्या कार्डाला वरून एक रेघ आहे.
पगार रेघेच्या खाली, तर तुम्ही आत.
दोन हजारांनी मी सातशे रुपये बाहेर जाते.
सातशे रुपयांत माझा डावा बूटसुद्धा होत नाही,
दीड इंच टाच वाढवलेला,
तो सुभाषनगरला एकच माणूस शिवतो
आणि तो आता डोळ्यांनी थकलाय.

विम्याचा एजंट म्हणाला,
ताई, पाय सोडून बाकी सगळं कव्हर होईल.
पाय सोडून.
त्याच्या हापिसात मी त्याच पायानं गेले होते,
केएमटीचे दोन स्टॉप चालून, कारण बसची पायरी उंच.

प्रेसवरच्या इलाही मुल्लाणीला ऐकू येत नाही.
त्यानं ओव्हरटाइम कधीच सोडला.
का, म्हणून विचारलं तर
तळहात आडवा धरून गळ्याशी टेकवला,
इथपर्यंत, याच्या वर नाही.
मला वाटायचं हा आळशी आहे.
चार वर्षं वाटत होतं.

मी अर्ज लिहिला. पगारवाढ नको, ही विनंती.
मालकांनी वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.
"मग वरचं पाकिटात देतो की. कागदावर कशाला?"
मी गप्प राहिले.
दोन शतांश मोठं भोक
मी कधी कुणाच्या भिडेखातर पास केलं नाही.
हे त्यांना ठाऊक आहे.
त्याचाच तर पगार वाढवत होते.
"उद्या बघू," म्हणाले, आणि अर्ज मलाच परत दिला.

जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये कुणी नव्हतं.
व्हर्निअर पुसला, आणि पहिल्यांदाच
पायातल्या पट्टीला लावला, गुडघ्याच्या पिनेपाशी.
सहा मिलिमीटरची पट्टी. भरली पाच पूर्णांक चार.
बावीस वर्षांत मी इतकं लोखंड झिजवलं
जिन्याखालच्या या दहा फुटांत.
रजिस्टर पुढ्यातच होतं.
पास, रिजेक्ट, रिवर्क, तीन रकाने.
पेन हातात धरून बसले.
मग इलाही आला, त्यानं डबा उघडला,
न विचारता खर्डा माझ्या भाकरीवर ठेवला.

भोंगा झाला. अर्ज अजून पिशवीत आहे,
तेलाचा डाग पडलेला, नेमका सहीच्या जागी.