मुक्कामाचा नियम, पेन्सिलने

तीन वर्षं आमच्याकडे असंच चाललं होतं :
रात्री पोटात भाला,
सकाळी ठणठणीत.
आठ तास झोप, की सगळे प्राण परत,
मंत्र परत, रक्त परत,
अंगावर ओरखडासुद्धा नाही.
मग भीती कशाची वाटणार?
ड्रॅगन दिसला की बागवान म्हणायचा,
मारू, जेवू, झोपू.

धायरीतल्या माझ्या दोन खोल्या.
दर शनिवारी जेवणाच्या टेबलावर
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेलं खोरं
(पलीकडे मार्च महिना, चतुर्थ्यांसकट),
चार माणसं, सात फासे
आणि खेळ चालवणारी मी.
एका शनिवारी जाहीर केलं :
आजपासून रात्रीच्या झोपेला एकच फासा.
पडेल तेवढेच प्राण.
दुपारच्या तासाभराला, म्हणजे आमच्या वामकुक्षीला,
नुसता दम परत, जखम तशीच.
पुरतं बरं व्हायचं तर सात रात्री
एकाच छपराखाली, चूल पेटलेली,
आणि मागावर कोणी नाही.

बागवानने लगेच हिशेब मांडला.
जीएसटीचं काम करतो तो,
नियम दिसला की त्याला आधी पळवाट दिसते.
केतकी म्हणाली, सात रात्री करायचं काय, मेथी निवडायची?
म्हटलं, निवडा.
शार्दूल बोललाच नाही.
त्याचा योद्धा चार प्राणांवर अडकला होता
ओल्या गवतात, ढालीखाली डोकं घालून,
तीन शनिवार.
चौथ्या शनिवारी त्याने फासा टाकला. दोन.
फाशाकडे न बघता मला म्हणाला :

नवले पुलाच्या उतारावर पडलो तेव्हा
डॉक्टर म्हणाले तीन महिने,
कंपनी म्हणाली दहा दिवस.
पायात प्लेट आहे अजून, थंडीत कळते.
इथं तरी एका रात्रीत
बरं होऊ दे ना गं.

पंख्याने खोऱ्याचा कोपरा उचलला जात होता,
मधूनमधून मार्च दिसत होता.
मला वाटलं होतं, मी खेळात खरेपणा आणतेय.

तेजल वॉर्डातून थेट येते,
केसांत पिना तशाच, हातांना सॅनिटायझरचा वास.
तिने वही आपल्याकडे ओढली. म्हणाली,
जुना नियम घे की नवा घे,
पहारा देणाऱ्याचा रकाना कुठाय?
चौघं दोन-दोन तास जागणार
आणि सकाळी चौघंही सारखेच ताजे?
माणूस झोपतो
कारण कोणीतरी स्टुलावर बसलेलं असतं,
सलाईन संपायच्या आत उठणारं.

मी खोडरबर शोधला. मिळाला नाही,
म्हणून जुन्याच्या वरच लिहिलं, पेन्सिलने :
एका रात्रीत कोणीही बरं होईल,
दुसऱ्याने आपली रात्र दिली तर.
देणाऱ्याला सकाळी काही परत नाही.

त्या रात्री योद्ध्याजवळ जागला
बागवानचा चोर,
जो मेलेल्याच्या बोटातली अंगठीही सोडत नाही.
हिशेबात बसत नाही, बागवान म्हणाला, पण लिही.

नंतरचा कुठलातरी शनिवार, सव्वा वाजलेला.
गुहेच्या तोंडाशी राक्षस उभा,
आणि पाळी तेजलच्या वैदूची.
तेजल? तेजल.
कोपरावर डोकं, गालाखाली
वैदूच्या प्राणांचा कागद.
केतकीने चहाचे कप एकात एक न घालता
एकेक करून आत नेले.
शार्दूल उठला, त्या पायाने,
ट्यूब बंद केली, ओट्यावरचा दिवा ठेवला.
राक्षस थांबला असता. पण बागवानला राहवेना.
फाशाचा आवाज नको म्हणून
त्याने टेबलावर पंचा अंथरला, चार घड्यांचा,
आणि तिच्या वतीने टाकला.

तीन.
मी हळूच म्हटलं, चालेल.